सात खोल्यांची एकच हवा

नाना जिन्यात बसले होते. मधल्या पायरीवर, कठड्याला डोकं टेकून, डोळे मिटून. बाईंनी खालून हाक मारली तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, "काही नाही सूनबाई, जरा विचार करत बसलोय."

ऐंशी उलटलेला माणूस भर उन्हाळ्याच्या दुपारी जिन्यात बसून कसला विचार करतो, हे कळायला बाईंना वेळ लागला नाही. हात धरला तर तव्यासारखा तापलेला. नानांची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. गच्ची दिवसभर ऊन पिऊन बसायची आणि संध्याकाळी ते सगळं नानांच्या खोलीत ओकायची. खाली राहायला या म्हटलं की नाना एवढंच म्हणत, "माझी खोली आहे ती." यापुढे कोणाचं काही चालत नसे.

डॉक्टर येऊन गेले, मीठ-साखरेचं पाणी झालं, नाना दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपले आणि संध्याकाळी घरात बैठक बसली. बाईंचा मुलगा म्हणाला, नानांच्या खोलीत एसी लावू. बाईंची सून म्हणाली, लावायलाच हवा, पण आमची खोलीही त्याच गच्चीखाली आहे. मुलगा म्हणाला, मग दोन घेऊ. सून म्हणाली, आणि आई-बाबांनी काय घाम पुसत बसायचं? हे तिनं मनापासून म्हटलं की हिशेबानं, हे बाईंना ठरवता आलं नाही. पानं वाढेपर्यंत सात खोल्यांची सात यंत्रं झाली होती आणि मुलगा आठव्या यंत्रासाठी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत होता. बाईंचे यजमान प्रत्येक यंत्राला "बरोबर" म्हणत होते.

"सात पेट्या भिंतीला टांगून घर म्हणजे कबुतरखाना करायचा नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या घराला मिळून एक यंत्र बसवू. आणि खर्च मी म्हणेन तेवढाच."

"बरोबर," यजमान म्हणाले.

यजमानांच्या चेहऱ्याबद्दल इथेच दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्या चेहऱ्यानं घातला. रुंद कपाळ, जाड भुवया, भारदस्त मिशा, आणि समोरचा बोलत असताना मान किंचित तिरपी करून ऐकायची सवय. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस मोठमोठे निकाल लावून घरी बसलाय. प्रत्यक्षात यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय घेतलेला नव्हता. हॉटेलात गेले तर शेजारच्या टेबलावर काय आलंय ते पाहून "तेच" म्हणत. नोकरी झाली नकाशे रंगवायच्या खात्यात, आणि तिथेही कुठला रंग कुठे भरायचा ते वरून ठरून यायचं. निर्णय घेतले ते बाईंनी. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून घेतले, घर बांधताना घेतले, मुलाचं शिक्षण काढताना घेतले. पण बाईंचा चेहरा गोल आणि सौम्य होता. जगात न्याय नाही, असं बाई म्हणत, ते काही उगाच नाही.

बाईंनी विषय हातात घेतला म्हणजे अभ्यास आलाच. वाचनालयातून माहिती आणली, मुलाच्या लॅपटॉपवर वाचली, मोजपट्टी घेऊन खोल्या मोजल्या. त्यातून त्यांना तीन गोष्टी पक्क्या कळल्या. पहिली, यंत्र घराच्या मापाचं हवं. गरजेपेक्षा मोठं घेतलं तर ते भसकन हवा गार करून बंद पडतं, दमटपणा तसाच राहतो आणि वीज मात्र खात सुटतं. दुसरी, आधी गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यायचा, म्हणजे लहान आणि स्वस्त यंत्रावर भागतं. तिसरी, वर-खाली हवा अडवणारी वेगवेगळी झडप ठेवली की नको तो मजला बंद करता येतो. तिन्ही गोष्टी सरळ होत्या. फक्त त्या बाईंच्या तोंडून ऐकायला कोणी तयार नव्हतं.

पहिला विक्रेता टाय लावून आला. दिवाणखान्यात त्यानं यजमानांसमोरची खुर्ची पकडली आणि बाईंना म्हणाला, "मॅडम, पाणी मिळेल का?" बाई पाणी घेऊन येईपर्यंत त्यानं यंत्राचा आकडा सांगून टाकला होता आणि यजमान मान तिरपी करून ऐकत होते.

"खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, छत किती तापतं, हे न बघता आकडा कसा सांगितलात?" बाईंनी विचारलं.

विक्रेत्यानं प्रश्न ऐकला, तो चांगला आहे अशी मान हलवली, आणि यजमानांकडे वळून म्हणाला, "त्याचं काय आहे साहेब, एवढ्या घराला एवढं लागतंच."

बाईंनी आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं यजमानांना मिळाली. प्रश्न एका तोंडातून निघतोय आणि उत्तर भलत्याच कानात जातंय, हा चमत्कार बाईंनी शाळेत कधी पाहिला नव्हता. तिथे उत्तर चुकलं तरी निदान बाईंकडे बघून चुकायचं.

दुसरा येणार त्या दिवशी बाईंनी यजमानांना वाचनालयात पाठवलं. हा विक्रेता वयानं मोठा होता, चपला बाहेर काढून आत आला, भिंती बघितल्या, छत बघितलं आणि म्हणाला, "छान आहे घर. साहेब कधीपर्यंत येतील?"

"साहेबांचा काही संबंध नाही. माझ्याशी बोला."

"हो हो, तुमच्याशी तर बोलणारच." तो हसला. "पण कसं आहे, एकदा साहेब असले म्हणजे दोनदा सांगावं लागत नाही." आणि चपला घालून चालता झाला. वाटेत वाचनालयाच्या दारातच त्याला, भिंतीवरच्या फोटोत पाहिलेले, यजमान भेटले. तिथल्या बाकावर बसून त्यानं त्यांना सगळी योजना समजावली आणि यजमान संध्याकाळी रंगीत पत्रकं घेऊन घरी आले. पत्रकं चांगली जाड कागदाची होती. बाईंनी ती फाडली तेव्हा जोर लावावा लागला.

मग शेजारी आले. त्यांना गल्लीत 'अनुभवी' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा आहे" इथून सुरू होई. त्यांच्याकडे सबंध घराला थंड करणारं यंत्र काही वर्षांपूर्वीच आलेलं होतं. सध्या ते पंखा लावून झोपत, कारण पहिल्या बिलाचा अनुभव आलेला होता. एवढं सोडलं तर ते या विषयातले अधिकारी पुरुष होते.

"माझा अनुभव असा आहे," ते कुंपणावरून यजमानांना म्हणाले, "की मशीन घ्यायचं तर मोठंच घ्यावं. लहान मशीन म्हणजे हत्तीला चमच्यानं पाणी."

बाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या. "मोठं यंत्र सारखं चालू-बंद होतं," त्या म्हणाल्या. "दमटपणा जात नाही. तुमच्या कपाटातल्या कोटांना बुरशी आली होती, ती त्यामुळेच."

अनुभवींनी क्षणभर विचार केला. मग यजमानांना म्हणाले, "वहिनींचं वाचन दांडगं आहे." एखाद्याला सर्दी झाली आहे, हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

राग हा बाईंचा स्वभाव नव्हता, असं बाईंचं मत होतं. घरात बाकीच्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी कढईवर झाकण असं पडलं की दिवाणावरचे नाना उठून बसले आणि सुनेनं न सांगता भांडी घासायला घेतली.

अशा मनःस्थितीत तिसरा माणूस दारात आला. तो स्वतः ठेकेदार होता, खिशाला पेन, कमरेला मोजपट्टी. आत आला, यजमानांना नमस्कार केला आणि त्यांना ओलांडून सरळ बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"बोला बाई, तुमच्या मनात काय आहे?"

बाईंनी त्याला बसायला खुर्ची पुढे केली. मग त्या बोलल्या. गच्चीचा रंग, यंत्राचं माप, वरची झडप, खालची झडप, छताखालून हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ, नानांच्या खोलीत सगळ्यात जास्त हवा. ठेकेदार प्रत्येक वाक्याला म्हणाला, "अगदी बरोबर. तुम्ही म्हणाल तसं." भावही त्याचाच सर्वांत कमी होता. बाईंनी त्याच दुपारी त्याला काम दिलं. आधी कुठे काम केलंय, ते लोक काय म्हणतात, याची त्यांनी चौकशी केली नाही. शाळेत शिपाई ठेवतानासुद्धा त्या चार ठिकाणी विचारत. पण तहानलेल्या माणसानं पाणी गाळून प्यावं, ही अपेक्षा लांबूनच ठीक वाटते.

काम सुरू झालं तसं बाईंना कळू लागलं की "तुम्ही म्हणाल तसं" हा ठेकेदाराचा निव्वळ श्वासोच्छ्वास आहे. नळ लपवायला खोटं छत आलं आणि ते इतकं खाली आलं की सुनेच्या कपाटाचं वरचं दार उघडेना. बाईंनी दाखवलं. तो म्हणाला, "अगदी बरोबर, दार अडतंय." आणि दुसऱ्या खोलीत गेला. मुलगा उंच होता, त्यानं पहिल्या दिवशी कपाळ आपटलं आणि नंतर घरात वाकून चालायची सवय लावून घेतली. गच्चीचा पांढरा रंग गच्चीपेक्षा जिन्यावर जास्त पडला. अनुभवी रोज येऊन वर बघत आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढत. घरभर सिमेंटची धूळ. नानांनी दिवाणावर बसल्या बसल्या ओल्या रुमालानं नाक झाकलेलं, आणि कोणी विचारलं की म्हणत, "मजेत आहे."

त्यात वीज कंपनीची नोटीस आली. एवढं यंत्र लावायचं तर विजेचा मंजूर भार वाढवून घ्या. बाई अर्ज भरून कंपनीच्या कचेरीत गेल्या. ऊन फार होतं म्हणून यजमान छत्री धरायला बरोबर आले. ही चूक झाली.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, वर बघितलं, यजमानांचा चेहरा पाहिला, आणि खुर्चीत सावरून बसला. अर्ज फिरवून त्यांच्यापुढे केला आणि बोट ठेवून म्हणाला, "साहेब, मालकांची सही इथं."

बाई पिशवीत चष्मा शोधत होत्या. तो मिळून डोळ्यांवर चढेपर्यंत यजमानांनी सही केली होती. सुरेख, वळणदार, खाली रेघ मारलेली. नकाशाखाली करत तशी.

"अहो, हे काय केलंत?"

"त्यानं बोट ठेवलं होतं," यजमान म्हणाले.

"घर माझ्या नावावर आहे," बाई खिडकीतून म्हणाल्या. "मालक मी आहे."

कारकुनानं शिक्का मारून टाकला होता. "असू दे हो मावशी," तो म्हणाला. "घरातलंच आहे."

अर्ज अर्थातच परत आला. सही करणारा इसम घराचा मालक नसल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. आता नवा अर्ज हवा, आणि सोबत त्या इसमाचं प्रतिज्ञापत्र हवं की सदर घराशी त्याचा मालकी हक्काचा काहीही संबंध नाही. यजमानांनी ते प्रतिज्ञापत्र वकिलासमोर मोठ्यानं वाचलं आणि इतक्या शांतपणे सही केली की वकिलानं हळूच विचारलं, "घरी काही वाद आहे का?"

"नाही," बाई यजमानांच्या आधी म्हणाल्या. "अजून नाही."

नवा अर्ज द्यायला बाई एकट्या निघाल्या. निघताना त्यांनी यजमानांना दारात उभं केलं.

"ठेकेदारानं काही विचारलं तर काय म्हणायचं?"

"ही आल्यावर विचारा."

"दुसरं काही म्हणायचं नाही."

"बरोबर," यजमान म्हणाले, आणि बाई उंबऱ्यातच थबकल्या. पण रिक्षा थांबली होती.

कचेरीत तोच कारकून होता. त्यानं बाईंच्या मागे, दाराकडे, दोनदा बघितलं. कोणी नाही अशी खात्री झाल्यावर नाइलाजानं अर्ज घेतला. अर्ज मंजूर झाला, आणि दोन-चार दिवसांनी यंत्र सुरू करायचा मुहूर्त आला.

सगळे दिवाणखान्यात जमले. अनुभवीही आले. ठेकेदारानं बटण दाबलं, गच्चीवर घरघर झाली आणि छताच्या जाळीतून गार हवेचा लोट असा आला की टेबलावरची वर्तमानपत्रं उडाली. सुनेनं डोळे मिटून चेहरा वर केला. मुलगा वाकायचं विसरला. अनुभवी यजमानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. माझं ऐकलं असतं तर आणखी गार झालं असतं."

बाई त्या गर्दीतून निघून जिना चढून नानांच्या खोलीत गेल्या. जाळीखाली उभ्या राहिल्या, हात वर केला. झोपेतल्या माणसानं फुंकर मारावी तेवढी हवा येत होती. खोली भट्टीसारखी होती. रंगवलेल्या गच्चीनं थोडा फरक पडला होता, पण माणूस तिथे दुपार काढू शकला नसता. ज्या एका खोलीसाठी हा सगळा उपद्व्याप, तीच तेवढी कोरडी राहिली होती.

त्यांनी ठेकेदाराला वर बोलावलं. तो आला, त्यानंही हात वर धरला. "अगदी बरोबर, बाई. कमी येतेय."

"का?"

"तुळई आडवी आली ना. नळ चेपून न्यावा लागला. साहेबांना विचारलं होतं मी. तुम्ही कचेरीत गेला होतात तेव्हा. म्हटलं, साहेब, चेपावा लागेल, बरोबर ना? साहेब म्हणाले, बरोबर."

बाईंनी दाराकडे पाहिलं. यजमान उंबऱ्यात उभे होते. मान तिरपी होती, पण या वेळी ऐकण्यासाठी नसावी.

"त्यानं विचारलं नाही गं," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं आणि शेवटी 'ना' लावला."

बाई यजमानांशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत आणि नंतरही नाहीत. घरात गार हवा फिरत होती आणि माणसं एकमेकांना चुकवून फिरत होती. बाईंना यजमानांचा राग होताच, त्या कारकुनाचा होता, चपला घालून गेलेल्याचा होता, अनुभवींचा तर कायमचाच होता. पण पोळ्या लाटताना, झाडांना पाणी घालताना जो सारखा वर येत होता, तो स्वतःचाच राग होता. घरात एक होयबा वर्षानुवर्षं फुकट मिळत असताना त्यांनी पदरचे पैसे मोजून दुसरा आणला होता. आणि का, तर तो आपल्याकडे बघून "बरोबर" म्हणाला म्हणून. त्यात नाना अजून दिवाणखान्यातल्या दिवाणावरच होते. एकदा ते हळूच म्हणाले, "सूनबाई, माझी खोली झाली की सांग हं. घाई नाही." त्यांना घाई नाही, हे ऐकून बाईंच्या हातून कप फुटला.

यजमान मात्र त्या दिवसांत वारंवार वर जाऊन नानांच्या खोलीत बसत. भर दुपारी, जाळीखाली खुर्ची टाकून. तासाभरानं खाली येत तेव्हा बनियन पाठीला चिकटलेला असे.

ठेकेदार उरलेले पैसे न्यायला आला तेव्हा बाई टेबलाशी भाजी निवडत होत्या. त्यांनी आठवडाभर त्याच्याकडे तक्रार केली होती, कारण सांगून, आकृती काढून, शेवटी आवाज चढवून. त्यानं प्रत्येक वेळी मान्य केलं होतं आणि काहीही केलं नव्हतं. आता तो सरळ यजमानांकडे गेला.

"साहेब, वरच्या खोलीचं काय मनावर घेऊ नका. मशीन रुळायला एक मोसम जातो. चालेल ना?"

यजमानांनी घसा साफ केला. "नाही," ते म्हणाले.

ठेकेदार थांबला. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नाही म्हणजे, साहेब?"

"नाही म्हणजे नाही चालणार. मी बसून बघितलंय तिथं. माझे वडील तिथं झोपणार आहेत." एवढं बोलून त्यांना धाप लागल्यासारखं झालं. "पुढचं हिला विचारा."

ठेकेदारानं त्या कपाळाकडे, भुवयांकडे, मिशांकडे पाहिलं, आणि निमूटपणे मोजपट्टी काढली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, छत उघडलं, आणि बाईंनी आकृती काढून दाखवला होता तसा, तुळईला वळसा घालून पूर्ण रुंदीचा नळ नेला. काम व्हायला एक दुपारसुद्धा लागली नाही.

बाईंना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. पण आठवडाभर आपण कारणासकट जे सांगत होतो ते भिंतीवर आपटलं, आणि या माणसानं कारणाशिवाय एक शब्द उच्चारला तर नळ सरळ झाला, हे त्यांना इतकं झोंबलं की त्यांनी अबोला सोडला तो हे सांगायलाच. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

"आधीच म्हणायला हवं होतं मी," ते म्हणाले. "मला येतं की नाही, ठाऊक नव्हतं."

यावर रागावणं अवघड होतं. बाईंनी प्रयत्न केला.

नाना आपल्या खोलीत परत गेले. पहिल्या दुपारी बाई वर जाऊन बघून आल्या. नाना गाढ झोपले होते, चादर हनुवटीपर्यंत ओढून, तोंड उघडं टाकून. खोली झऱ्याच्या पाण्यासारखी गार होती. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या खांद्यांतला ताठा सैल झाला.

थोड्या वेळानं नाना जागे झाले. त्यांनी छताकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"छान झालंय हो सगळं," ते म्हणाले. "फार कष्ट घेतलेस." मग थोडं थांबून, अपराध्यासारखं म्हणाले, "जरा खिडकी उघडतेस का? बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं बघ. रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कपाळ आपटलेला मुलगा, न उघडणारं कपाट, वकील, कारकून, तुळई, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या उठल्या. खिडकीचा खटका काढला आणि दार वीतभर ढकललं. बाहेरचं ऊन आणि गाड्यांचे आवाज एकदमच आत आले. कुठेतरी कोणी सायकलची घंटी वाजवत होतं. नानांनी समाधानानं मान उशीवर टाकली. झळ थेट त्यांच्या अंगावर येत होती, म्हणून बाईंनी खुर्ची ओढून खिडकी आणि पलंग यांच्यामध्ये घेतली आणि झळीकडे पाठ करून बसल्या.

खालून मुलाचा आवाज आला. "वर कोणी खिडकी उघडलीय का? सगळी गार हवा बाहेर चाललीय."

"मी उघडलीय," बाई म्हणाल्या.

खाली कोणी पुढे काही विचारलं नाही.